वर्गाच्या एक दिवस पुढे

वर्षभर माझी स्कूटी बीजगणित बोलत असे. हसू नका. पांढुर्ण्याहून सौसरकडे निघा, मध्येच आतल्या रस्त्याला वळा आणि संत्र्याच्या बगिच्यात खत घालणाऱ्या कोणत्याही माणसाला विचारा. तो कुदळ टेकवून सांगेल, ‘लाल गाडीवाल्या मॅडम ना? हो, जाते ना. एक्स बराबर सात, एक्स बराबर नऊ, करतच जाते थे गाडी.’ (आमचं ‘थे’ म्हणजे तुमचं ‘ते’ किंवा ‘ती’.)

गाडी माझी होती. आवाज मागच्या सीटवरून, सांबारे गुर्जींच्या खिशातून यायचा.

आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी कृपया इडली डोळ्यांपुढे आणू नये. आपल्या आडनावाचं गुर्जींना भारी कौतुक. कुणी नवीन माणूस भेटला की स्वतःच सांगायचे, ‘आमी सांबारे. भाजी शिजली की वरून टाकाचं. जिथं मास्तर कमी पडन तिथं सरकार मले भुरभुरते.’ आणि ते खरंही होतं. गुर्जी मूळचे संस्कृतचे. पण छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हिंदी शिकवली, भूगोल शिकवला, एक वर्ष तर मुलींना शिवणकाम शिकवलं आणि त्यात स्वतःसाठी एक पिशवी शिवून घेतली. तीच पिशवी ते शेवटपर्यंत वापरत होते. तिचा एक बंद दुसऱ्यापेक्षा चार बोटं लांब होता.

ते नदीपलीकडे, सावरगावात राहत. सकाळी साडेनऊला मी पांढुर्ण्यातून पूल ओलांडून जायची तेव्हा ते पिंपळाखाली तयार असत. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, खांद्यावर ती लंगडी पिशवी. गुडघा वाकत नसल्यामुळं ते माझ्या स्कूटीवर दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसत. नवरा नीट गाडी चालवेल की नाही याची खात्री नसलेल्या नव्या नवरीसारखे. बस स्टँडवरची माणसं ओरडायची, ‘मॅडम, काकाजीले घट्ट धराले सांगा!’ पहिल्या दिवशी बसताना गुर्जी जरा घुटमळले होते. ‘लोक काय म्हणतीन?’ मी म्हटलं, ‘काय म्हणतील गुर्जी, मी तुमच्या मुलीच्या वयाची.’ ते म्हणाले, ‘तसं नाही जी. म्हणतीन, सांबारे गुर्जीले गाडी चालवता येत नाही.’

आमची शाळा छोटी. सरकारी माध्यमिक, आठवीपर्यंत, आणि आमचा भाग मध्य प्रदेशात म्हणून हिंदी माध्यमाची. पोरं घरून मराठी घेऊन यायची, शाळेत हिंदी लिहायची आणि मधल्या सुट्टीत दोन्हींची खिचडी करून खायची. मी सामाजिक विज्ञान शिकवत होते, अजूनही शिकवते. तर एका जुलैमध्ये काय झालं, गणिताच्या सरांची बदली झाली आणि त्याच आठवड्यात शाळेत एक मोठा टीव्ही आला. सोबत एक पेनड्राइव्ह आणि एक रिमोट. आमचे बडे सर, म्हणजे मुख्याध्यापक, यांना या दोन गोष्टींत देवाचा हात दिसला. ते गुर्जींना म्हणाले, ‘गुरुजी, गणित तुमी घ्या. शिकवाचं टीव्ही शिकवन. तुमी फक्त बटन दाबा.’

‘कोणतं?’ गुर्जींनी विचारलं.

त्या संध्याकाळी परत येताना त्यांनी मला रपट्यावर गाडी थांबवायला सांगितली. रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका सिमेंटचा पूल, पूर आला की पाणी त्याच्या डोक्यावरून जातं. एका बाजूला संत्र्याचा बगिचा, दुसऱ्या बाजूला तुरीचं वावर. गुर्जी कठड्यावर बसले आणि एखादा गुन्हा कबूल करावा तसे बोलले.

‘मॅडम, मॅट्रिकले मी गणितात दोनदा बसलो न् दोनदा बसूनच राह्यलो. तिसऱ्या वेळी आख्खं गाइड पाठ केलं. संस्कृतसारखं. मंत्र म्हणल्यासारखं. पेपरात एवढं सुरेख उतरवलं का शेवटी “आकृती मागील पानावर पाहा” हेबी लिहून आलो.’

मी हसले. ते हसले नाहीत.

‘पास झालो. पण पाठ होतं, पटलं नव्हतं. आन् आता सातवीले बीजगणित मी शिकवाचं.’

मग त्यांनी ठरवलेलं सांगितलं. व्हिडिओ सगळे मोबाइलमध्ये घालून घ्यायचे. उद्याचा धडा आज संध्याकाळी रपट्यावर बसून ऐकायचा, समजेपर्यंत. सकाळी येताना उजळणी. ‘कोणाले सांगू नका जी. मी पोट्ट्यांच्या एकच दिवस पुढं राहीन. ज्या दिवशी पोट्ट्यांनी मले गाठलं, त्या दिवशी मास्तरकी संपली. छत्तीस वर्षांची. मंग मले शाळेत तोंड दाखवाची हिंमत नाही.’

मी शपथ घेतली. मी गप्पिष्ट बाई आहे, माझ्या शपथेला किती अर्थ ते नवऱ्याला विचारा. पण ही पाळली.

एक अडचण मात्र आम्हा दोघांच्याही लक्षात आली नाही. गुर्जींना कमी ऐकू यायचं. त्यामुळं मोबाइलचा आवाज ते शेवटच्या टोकापर्यंत वाढवत. मी शपथ पाळत होते आणि मोबाइल बोंब मारत होता.

आता वर्गातलं सांगते. माझा वर्ग शेजारीच, मधल्या भिंतीला वरून जाळी, म्हणजे मला नाटकाचं फुकट तिकीट होतं.

व्हिडिओत एक टाय घातलेले साहेब होते. निळ्या भिंतीपुढं उभे राहून ते म्हणायचे, ‘नमस्कार बच्चो.’ पहिल्याच दिवशी गुर्जींनी टीव्हीला हात जोडून उलट नमस्कार केला, मग वर्गानं केला, आणि तो रिवाजच पडला. साहेब पुढं म्हणाले, ‘माना कि एक्स एक संख्या है.’ माना म्हटल्यावर पोरांनी एकमेकांच्या माना पाहिल्या. मागच्या बाकावरच्या एकानं आज्ञाधारकपणे मान खाली घातली. गुर्जींनी रिमोट उचलला, हात लांब केला आणि गरजले, ‘थांबा साहेब!’

साहेब तोंड उघडं ठेवून थांबले.

‘हे बघा रे. हिंदीत मानतेत, मराठीत समजतेत. माना म्हणजे समजा. मानेले काही करू नका. पटलं का?’

‘हो जी!’

‘पाठ झालं का पटलं?’

मग एक बारीक आवाज आला, ‘पाठ झालं जी.’

‘मंग साहेबाले पुन्हा बोलवू.’ आणि टाय घातलेल्या साहेबांना गुर्जींनी पुन्हा पहिल्यापासून नमस्कार करायला लावला.

हीच त्यांची पद्धत होऊन गेली. टीव्ही दुसऱ्या शाळांतही आले होते. तिथं साहेब सुरू झाले की मास्तर बाहेर व्हरांड्यात. आमच्याकडे साहेबांना सलग दोन वाक्यं बोलता यायची नाहीत. रिमोट वर्गात बाकावरून बाकावर फिरे. ज्याला पटलं नाही त्यानं रिमोट मागायचा, हात लांब करायचा आणि ‘थांबा साहेब’ म्हणायचं. मुळीच लाजायचं नाही. मग गुर्जी आणि वर्ग मिळून साहेबांच्या वाक्याचा कीस काढत. गुर्जी तो रिमोट घरी नेत, आपल्या लंगड्या पिशवीत घालून. एकदा मला हळूच म्हणाले, ‘मॅडम, शाळेच्या रिमोटनं घरचा टीव्हीबी चालते. काल तुमच्या काकूची मालिका चालू होती, त्यातली सासू लय बोलून राहिली होती. मी थांबवली. काकूनं मलेच थांबवलं.’

साहेबांचं आणि गुर्जींचं सगळ्यात मोठं भांडण एका शब्दावरून झालं. साहेब म्हणाले, ‘एक्स एक चर है.’

‘थांबा साहेब!’

चर म्हणजे ज्याची किंमत बदलते ते. मराठीच्या पुस्तकात त्यालाच चल म्हणतात. हे गुर्जींनी आदल्या संध्याकाळी रपट्यावर, डोक्याला हात लावून, मला तीनदा समजावलं होतं. ‘म्हणजे हिंदीत तो चरते, मराठीत तो चालते, आन् आमच्या डोक्यात तो बसून राहिला!’ वर्गातही ते तेच बोलले. पोरं हसली. पण हसणं म्हणजे पटणं नव्हे, हे महिनाभरानं चाचणीच्या पेपरात दिसलं.

प्रश्न होता, ‘चर किसे कहते हैं?’ दुर्गा नावाच्या मुलीनं लिहिलं होतं, ‘चर वह होता है जो संतरे के बगीचे में पानी निकालने के लिए खोदते हैं. चर में कभी पानी रहता है, कभी नहीं रहता.’

दुर्गाच्या बापाचा बगिचा त्या रपट्याला लागूनच. संत्र्याच्या मुळाशी पाणी साचलं की झाड जातं, म्हणून ओळींच्या मधून चर खणतात. आमच्या भागातल्या पोराला चर म्हटलं की दुसरं काय आठवणार? मी तो पेपर वाचून स्टाफरूममध्ये सगळ्यांना अभिनयासकट ऐकवला. सगळे पोट धरून हसले. गुर्जी हसले नाहीत. त्यांनी पेपर माझ्या हातून घेतला, चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली आणला आणि दोनपैकी दोन गुण दिले.

‘गुर्जी!’ मी म्हटलं.

‘पाहा ना जी. चर म्हणजे रिकामी जागा. जागा तीच, आत काय येईन ते पाण्यावर. कधी गुडघाभर, कधी कोरडा. आपण वरून पाहून सांगू नाही शकत, उतरून मोजा लागते.’ त्यांचा आवाज बारीक झाला. ‘मॅडम, मले साठ वर्षं एक्स समजला नव्हता. आज या पोट्टीनं सांगतला.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक्स काढलाच नाही. एक चर काढला, त्यात पाच घागरी पाणी ओतलं, सगळं मिळून बारा घागरी झाल्या, तर आधी चरात किती होतं ते विचारलं. एकोणीसच्या एकोणीस हात वर. आणि अर्ध्या पोरांनी तर प्रश्न पुरा व्हायच्या आधीच हात वर केला होता.

हे एक कोडं होतं. ही पोरं फार लवकर उत्तरं देत. टीव्हीवर नवा धडा सुरू होतो न होतो तोच दुर्गाची टोळी पुढचं वाक्य बोलून मोकळी. बडे सर छाती फुगवून सांगत फिरायचे, ‘पाह्यलं? टीव्हीचा चमत्कार!’ गुर्जी मात्र मागच्या सीटवर काळजीत. ‘पोट्टे लय हुशार निघून राहिले मॅडम. माझ्या टाचेले लागले आहेत. आज तं मी तोंड उघडाच्या आधी दुर्गीनं पक्षांतर सांगतलं.’

पक्षांतराची मात्र मजा होती. समीकरणात एका बाजूची संख्या दुसऱ्या बाजूला नेली की अधिकचं वजा होतं. साहेब त्याला शुद्ध हिंदीत ‘पक्षांतर’ म्हणत. गुर्जींनी साहेबांना थांबवलं, फळ्यावर दोन आडव्या रेघा ओढल्या आणि म्हणाले, ‘हे बराबरचं चिन्ह म्हणजे आपली जाम नदी. इकडं पांढुर्णा, तिकडं सावरगाव. मी पांढुर्ण्याचा पोट्टा. लग्न झालं, सासऱ्याले पोरगा नव्हता, तं पूल ओलांडून सावरगावात राह्यले गेलो. इकडं होतो तवा मी अधिक होतो. माय म्हणे, गरम पोळी माह्या वामनाले पहिले वाढा. तिकडं गेलो आन् काय झालो?’

‘घरजावई!’ एक मुलगा ओरडला.

‘म्हणजे?’

‘वजा!’ सगळा वर्ग ओरडला.

भिंतीपलीकडे माझा सहावीचा वर्ग सम्राट अशोकाला सोडून हसत होता. पक्ष बदलला की चिन्ह बदलतं, हे त्या वर्षीच्या एकाही पोराला पाठ करावं लागलं नाही.

मग आली तपासणी. थंडीचे दिवस होते, तूर माणसाच्या डोक्याइतकी उंच झाली होती. जिल्ह्याहून एक साहेब आले, खरे, चालते-बोलते. टीव्हीचा उपयोग कसा होतोय ते पाहायला. बडे सरांनी त्यांना थेट सातवीत नेलं. मी माझ्या वर्गाला नकाशा भरायला देऊन दारात जाऊन उभी राहिले. कारण काय सांगू? गुर्जींचं गुपित माझ्याजवळ होतं.

साहेबांनी आधी चाचणीचे पेपर चाळले आणि नेमका तोच बाहेर काढला. ‘गुरुजी, ये क्या है? संतरे का बगीचा? दो में से दो?’

गुर्जींनी चराचं, घागरींचं, कोरड्याचं आणि गुडघाभराचं सगळं सांगितलं. साहेब ऐकत राहिले. मान हलली नाही, पण पेपर त्यांनी खाली ठेवला. मग उठून फळ्यावर लिहिलं, वजा तीन, कंसात एक्स वजा दोन. ‘इसको खोलिए.’

गुर्जींनी कंस सोडवला. वजा तीन एक्स, अधिक सहा. बरोबर होतं.

‘ये प्लस कहाँ से आया?’

‘माइनस गुणा माइनस, प्लस. नियम है साहब.’

‘नियम तो है. क्यों है?’

गुर्जींचा खडू फळ्याजवळच थांबला. मला आठवलं. चारच दिवसांपूर्वी रपट्यावर त्यांनी तो व्हिडिओ पाच वेळा लावला होता आणि पाचव्यांदा बंद करून म्हणाले होते, ‘हे पाठ आहे मॅडम. पटत नाही.’

‘बताइए. छत्तीस साल से पढ़ा रहे हैं आप.’

दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. सदऱ्यावर खडूची धूळ. ते वळले तेव्हा त्यांनी साहेबांकडे पाहिलं नाही, वर्गाकडे पाहिलं. मग खडू टेबलावर ठेवला, अगदी सावकाश, घरंगळून जाऊ नये म्हणून आडोशाला डस्टर लावून.

‘मुझे नहीं आता साहब,’ ते म्हणाले. ‘मैं संस्कृत का मास्टर हूँ. गणित मैं रोज एक दिन पहले सीखता हूँ, दूसरे दिन इनको बताता हूँ. ये वाला पाठ है. पटा नहीं.’

बडे सरांनी डोळे मिटले. जिल्ह्याचे साहेब बोलायला लागले, ‘तो फिर आप इतने दिन से...’

‘थांबा साहेब!’

दुर्गा उभी होती. हात लांब केलेला, रिमोट थेट साहेबांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर रोखलेला. त्या दिवशी रिमोट तिच्या बाकावर होता. तिनं सवयीनं बटण दाबलं आणि देवाशपथ सांगते, साहेब थांबले. तोंड उघडं ठेवून.

‘गुर्जी,’ ती म्हणाली, ‘आमाले माहीत आहे.’

‘काय माहीत आहे?’

‘तुमाले येत नाही थे. तुमी सांजेले रपट्यावर मोबाईल लावता ना जी, आमी तुरीत बसून ऐकतो. तूर कमरेएवढी झाली तवापासून.’

‘कोण आमी?’

सात हात वर झाले. मग आठवा.

‘तुमी मॅडमले म्हणता, मले नाही समजलं, पुन्हा लावतो,’ मागून एक मुलगी म्हणाली. ‘मंग आमीबी पुन्हा ऐकतो.’

‘आन् आमाले वाटलं,’ दुर्गा म्हणाली, ‘का जे आपल्याले समजत नाही थे गुर्जीलेबी समजत नाही, मंग भ्याचं काय काम आहे?’

गुर्जी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसू लागले आणि पुसतच राहिले. रिमोट अजून साहेबांवर रोखलेलाच होता. दुर्गानं आता हिंदीत विचारलं, अगदी आदरानं, ‘सर, माइनस माइनस प्लस क्यों होता है? आपको आता है क्या?’

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. थंडीमुळं पंखा बंद होता. ‘नियम है बेटा,’ ते म्हणाले.

आणि एकोणीस पोरं एका सुरात म्हणाली, ‘पाठ हुआ कि पटा?’

हसायला पहिल्यांदा साहेबांनीच सुरुवात केली, म्हणून आम्ही सगळे वाचलो. जाताना त्यांनी दुर्गाचा तो पेपर पुन्हा उचलला, दोन गुणांवर लाल पेन टेकवलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि टोपण लावून खिशात ठेवलं.

त्या संध्याकाळी मागच्या सीटवरून आवाज आला नाही. मोबाइल बंद, गुर्जी बंद. रपट्यावर मी न सांगता थांबले. ते कठड्यावर बसले.

‘गाठलं मॅडम पोट्ट्यांनी.’

‘मग मास्तरकी संपली का गुर्जी?’

ते तुरीच्या वावराकडे तोंड करून मोठ्यानं ओरडले, ‘निघा रे बाहेर! कपडे खराब करून राहिले तिथं बसून!’

तूर हलली. एकामागून एक आठ जण बाहेर आले. केसांत तुरीची वाळकी फुलं. दुर्गा सगळ्यात शेवटी, कारण ती सगळ्यात आत बसायची. गुर्जींनी पिशवीतून जुनं वर्तमानपत्र काढून कठड्यावर अंथरलं, मोबाइल मधोमध ठेवला आणि म्हणाले, ‘आजपासून संगच ऐकू. मले कमी ऐकू येते, तवा साहेब काय म्हणते थे तुमी मले सांगा.’

त्या दिवसानंतर मला घरी पोचायला रोज अर्धा तास उशीर होऊ लागला. नवऱ्यानं विचारलं तर सांगितलं, सातवीत बसले होते.

पुढच्या उन्हाळ्यात गुर्जी निवृत्त झाले. नारळ, शाल, बडे सरांचं लांब भाषण. भाषणात टीव्हीचा उल्लेख चार वेळा आला, रपट्याचा एकदाही नाही. गुर्जींनी रिमोट पिशवीतून काढून दुर्गाच्या हातात ठेवला आणि स्वतः दोनच वाक्यं बोलले. ‘एक गोष्ट पटाची राहून गेली. बाकी सगळं बराबर.’

जुलैमध्ये गणिताच्या खऱ्या मॅडम आल्या. तरुण, हुशार, स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्या. माझी मागची सीट रिकामी झाली. स्कूटी हलकी धावू लागली आणि ते मला मुळीच आवडलं नाही. बगिच्यातली माणसं विचारायची, ‘मॅडम, गाडीचा आवाज बंद झाला का?’

दिवाळीनंतरची गोष्ट. संध्याकाळी परत येत होते. तूर पुन्हा डोक्याइतकी झाली होती. रपटा दिसला आणि कठड्यावर पांढरा सदरा दिसला. मी लांबूनच गाडी बंद केली. सावरगावाहून ते दोन बस बदलून आले असणार. एका खांद्याला ती लंगडी पिशवी. समोर रस्त्यावर पोरं बसली होती, आता आठवीतली, आणि त्यांच्यापुढं दुर्गा उभी होती. हातात काठी. जमिनीवर तिनं तीन खड्डे काढले होते.

‘एक खड्डा भराले दोन घमेली माती लागते,’ ती सांगत होती. ‘मंग तो खड्डा वावराले किती पडला? वजा दोन. बरोबर?’

‘बरोबर,’ पोरं म्हणाली. गुर्जी कानामागं हात धरून ऐकत होते.

‘माह्या बाबाले असे तीन खड्डे कमी कराचे आहेत. कमी कराचे, म्हणजे वजा तीन. आता खड्डा कमी कसा करतेत? उचलून नेतेत का?’

‘बुजवतेत!’

‘किती घमेली लागन?’

‘सहा!’

‘माती आणली का नेली?’

‘आणली.’

‘मंग अधिक का वजा?’ तिनं काठीनं तिन्ही खड्ड्यांवर माती ओढली आणि पायानं चापून बसवली. ‘वजा होतं तेच वजा केलं गुर्जी. वावर भरून आलं.’

गुर्जी वाकून त्या बुजलेल्या जागेकडे पाहत होते. मग ते सरळ झाले, कठड्याचा आधार घेऊन, न वाकणारा गुडघा सांभाळत उभे राहिले, आणि बासष्ट वर्षांच्या त्या माणसानं हात वर केला.

दुर्गानं काठी खाली केली. ‘बोला गुर्जी.’

‘पटलं जी,’ ते तिला म्हणाले.